वडिलांच्या ऑपरेशनला कृत्रिम रक्त मागावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, खुब्याचा सांधा बदलायचा आहे. काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. संसर्गाच्या भीतीने ते दुसऱ्याचं रक्त घ्यायला तयार नाहीत. ‘प्रयोगशाळेत रक्त तयार झालं’ अशी बातमी वाचून त्यांच्या मुलीने विचारलंय, की ते मागवता येईल का, आणि त्यात धोका जास्त की फायदा?

मी गेली बावीस वर्षं रक्तपेढीत काम करते. सरळ उत्तर आधी देते: या ऑपरेशनसाठी ते मागू नका, आणि मागितलंत तरी मिळण्याची शक्यता जवळपास नाही. पण एवढं सांगून थांबले तर तुम्ही पुढची बातमी आली की पुन्हा तोच प्रश्न घेऊन बसाल. शिवाय ‘धोका जास्त की फायदा’ याचं एकच एक उत्तर नाही. ‘कृत्रिम रक्त’ म्हणून जो द्रव देतात तो कशाच्या ऐवजी देणार, यावर सगळं अवलंबून आहे. क्रॉसमॅच केलेल्या, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून पाहिलेल्या पिशवीच्या ऐवजी? नुसत्या सलाइनच्या ऐवजी? की काहीच हाताशी नाही म्हणून? या तिन्ही ठिकाणी तोच द्रव वेगवेगळा ठरतो.

आधी नावाबद्दल. ‘कृत्रिम रक्त’ म्हणून ज्याची चर्चा होते ते रक्त नाही. रक्त गोठतं, जंतूंशी लढतं, प्रथिनं वाहून नेतं. या द्रवांना यातलं काही येत नाही. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पेशींपर्यंत पोचवायचा, एवढ्या एकाच कामावर नेमलेला हा बदली कामगार आहे, आणि तोही एखाद-दुसऱ्या पाळीपुरता. लाल पेशी अंगात सुमारे १२० दिवस टिकते. हिमोग्लोबिनपासून, म्हणजे लाल पेशींतल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनापासून, बनवलेल्या द्रवांचं निम्मं प्रमाण साधारण एका दिवसात संपतं. ज्याला रक्तस्राव चालू आहे त्याला प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा लागणारच, आणि ते आजही दात्याकडूनच येतात.

मग हिमोग्लोबिन काढायचं, गाळायचं, पिशवीत भरायचं, यात अडचण काय? कल्पना मोहक आहे खरी. पेशीचं आवरण काढून टाकलं की रक्तगटाची भानगडच मिटते, क्रॉसमॅच नको, फ्रिज नको. पण हिमोग्लोबिन पेशीत कोंडलेलं आहे ते उगाच नाही. त्याचा रेणू चार साखळ्यांचा असतो. पेशीबाहेर पडला की तो दोन-दोन साखळ्यांच्या तुकड्यांत फुटतो, ते तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीतून जातात आणि जाताना तिची वाट लावतात. अमेरिकेत विल्यम ॲम्बरसन यांनी १९४९ मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झालेली एक स्त्री होती. जुळणारं रक्त संपलं होतं. हिमोग्लोबिनचं द्रावण दिल्यावर तिचा रक्तदाब सावरला, पण पुढे मूत्रपिंडं बंद पडून ती गेली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडल्या, रेणूंचे मोठे पुंजके केले, आणि मूत्रपिंडाचा प्रश्न बराचसा सुटला.

दुसरा प्रश्न मात्र चिवट निघाला. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत थोडा थोडा सोडत असतं. त्यामुळे वाहिनी सैल राहते. मोकळं हिमोग्लोबिन या वायूला अधाशासारखं गिळतं. पेशीत असताना मध्ये आवरण असतं आणि पेशी प्रवाहाच्या मधोमध वाहतात, म्हणून ते अस्तराला फारसं भिडत नाही. मोकळं सुटलं की थेट भिंतीपाशी. वाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. सुरुवातीला काहींना हा फायदाच वाटला होता: शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या माणसाचा दाब वर आला तर बरंच की! पण आवळलेल्या वाहिनीतून रक्तच कमी जातं. मॉनिटरवरचा आकडा छान दिसतो आणि हृदयाचा स्नायू उपाशी राहतो. तुमच्या वडिलांना स्टेंट आहे, म्हणून हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

एक छोटी गोष्ट सांगते, ती पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात. रक्ताचा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की वर पिवळसर प्लाझ्मा आणि खाली लाल थर राहतो. वरचा थर लाल दिसला की आमचा तंत्रज्ञ नमुना बाजूला ठेवतो आणि वॉर्डला फोन लावतो, ‘हिमोलाइज झालंय (म्हणजे लाल पेशी फुटल्यात), परत पाठवा’. कारण रंग मोजून उत्तर देणाऱ्या अनेक चाचण्या त्या लालीत फसतात. हिमोग्लोबिनचा द्रव दिलेल्या पेशंटचा प्रत्येक नमुना असाच येणार, कितीही वेळा परत मागवला तरी. म्हणजे ज्याची किडनी आणि लिव्हर तासातासाला पाहायला हवी, नेमके त्याचेच रिपोर्ट बेभरवशाचे. मी स्वतः हा द्रव कधी दिलेला नाही. पण दिला जाणार असेल तर आधी सगळ्या नळ्या भरून घ्या, असं मी पहिलं सांगेन.

आता प्रत्यक्ष काय घडलं ते. अमेरिकेत हेमॲसिस्ट नावाच्या हिमोग्लोबिनच्या द्रवाची जबर जखमी पेशंटांवरची चाचणी १९९८ मध्ये अर्ध्यात थांबवावी लागली. द्रव मिळालेल्या ५२ पैकी २४ जण २८ दिवसांत दगावले, सलाइन मिळालेल्या ४६ पैकी ८. पुढे पॉलिहीम आलं. हे मुदत संपलेल्या मानवी रक्तापासून केलेलं. २००३ च्या अखेरीपासून तिथल्या २९ ट्रॉमा केंद्रांवर सातशेहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली. ३० दिवसांतले मृत्यू पॉलिहीम गटात १३.४ टक्के, दुसऱ्या गटात ९.६ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो असं आकडेशास्त्र सांगतं, पण कल कुठे आहे ते दिसतंच. मान्यता मिळाली नाही आणि कंपनी बुडाली. २००८ मध्ये अशा पाच द्रवांच्या १६ चाचण्या, एकूण ३७११ पेशंट, एकत्र करून पाहिल्या गेल्या. मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला, आणि हृदयविकाराच्या झटक्याचा जवळजवळ पावणेतीनपट.

हे आकडे वाचून आमच्यातले बरेच जण म्हणाले, ‘विषय संपला.’ मला तेव्हाही ते पूर्ण पटलं नव्हतं. पॉलिहीमच्या चाचणीची रचना बघा. ॲम्ब्युलन्समध्ये एका गटाला पॉलिहीम आणि दुसऱ्याला सलाइन, इथवर ठीक. पण रुग्णालयात पोचल्यावरही पहिल्या गटाला जखमेपासून १२ तासांपर्यंत, सहा युनिटपर्यंत, पॉलिहीमच द्यायचं होतं. पलीकडे रक्तपेढीत खरं रक्त तयार असताना! म्हणजे रस्त्यावर, जिथे समोर फक्त सलाइन होतं, तिथे या द्रवाचा उपयोग होतो का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तुलना झाली ती बऱ्याच अंशी खऱ्या रक्ताशी. त्या तुलनेत तो हरणारच. त्यातून बेशुद्ध जखमीची संमती घेता येत नाही, म्हणून संमतीशिवायच चाचणीची परवानगी घेतलेली होती. ज्याला विचारता येत नाही त्याच्यावर रक्त असताना रक्त न देण्याचा प्रयोग करायचा का, यावर तेव्हा मोठं वादळ उठलं. माझ्या मते ते उठायलाच हवं होतं. पण त्यातून ‘रस्त्यावर उपयोग शून्य’ असा निष्कर्ष निघत नाही.

तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला अगदी जवळची एक चाचणी आहे. हिमोप्युअर हा द्रव गाईच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून करतात. (माणसाचं नको म्हणणाऱ्या वडिलांना गाईचं चालेल का, हे तुम्हीच विचारून बघा.) तो फ्रिजबाहेर तीन वर्षं टिकतो, आणि दक्षिण आफ्रिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. हाडांच्या ऑपरेशनच्या ६८८ पेशंटांवर त्याची तुलना थेट लाल पेशींशी केली गेली. हिमोप्युअर मिळालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना दात्याचं रक्त लागलंच नाही. बातमी लिहिणारा इथेच थांबेल. पण त्याच गटात दुष्परिणामही जास्त होते, माणशी सरासरी साडेआठच्या आसपास, तर लाल पेशींच्या गटात सहाहून थोडे कमी. म्हणजे रक्त वाचलं, त्याची किंमत पेशंटच्या शरीराने मोजली. ज्याला सुरक्षित, तपासलेलं रक्त सहज मिळू शकतं, त्याने ती का मोजावी?

याच्या उलट बाजूची एक रात्र सांगते. तिशीतली एक स्त्री, हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात ३.२ ग्रॅम. तिच्याच शरीरात लाल पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन ती स्वतःच्या पेशी फोडत होती. क्रॉसमॅचला बारा पिशव्या काढल्या. ट्यूब हलवली की तळाची लाल गुंडी विरघळून धुरासारखी पसरायला हवी. बाराही ट्यूबमध्ये तिचे तुकडे होऊन दाणे तरंगत होते. एकही पिशवी जुळत नव्हती. आता गणित बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतं. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर प्राणवायू असतो, हिच्याकडे चार-सव्वाचार. प्लाझ्मात नुसता विरघळलेला प्राणवायू एरवी अगदी नगण्य, ०.३ मिलिलिटर. शुद्ध प्राणवायू दिला तर तो दोनच्या आसपास जातो. एरवी ज्याला आपण मोजतही नाही तो भाग अशा वेळी एकूण साठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. म्हणून मास्क लावला, तिला हलू दिलं नाही, स्टिरॉइड सुरू केलं. आणि त्यातल्या त्यात कमी विसंगत वाटलेली पिशवी थेंबाथेंबाने, अर्धी-अर्धी करून लावली. मी पहाटेपर्यंत तिच्या लघवीचा रंग बघत होते. ती वाचली. पण त्या रात्री हिमोप्युअरसारखी पिशवी कपाटात असती, तर रक्तदाब चढेल, झटका येऊ शकेल, हे सगळं माहीत असूनही मी तिच्यासाठी हात पुढे केला असता. अमेरिकेत रक्त हा पर्यायच नसलेल्या, जिवावर बेतलेल्या पेशंटांना खास परवानगीने ते दिलं गेलं आहे. याच द्रवाच्या भावंडाला, ऑक्सिग्लोबिनला, तिथे १९९८ मध्ये कुत्र्यांच्या रक्तक्षयासाठी मान्यता मिळाली होती.

इथवरचं एकत्र करायचं तर: चांगली पिशवी हाताशी असेल तर हे द्रव तिच्यापुढे टिकत नाहीत, पिशवीच नसेल किंवा कोणतीच जुळत नसेल, तर तोच धोका पत्करण्याजोगा होऊ शकतो. तुमचे वडील पहिल्या गटात येतात.

परफ्लोरोकार्बनबद्दल फार लिहीत नाही. हे फ्लोरिनयुक्त द्रव प्राणवायू नुसता विरघळवून घेतात. १९६६ मध्ये अशा द्रवात बुडवलेला उंदीर तोच श्वासात घेऊन जिवंत राहिला, ते चित्र अजून सगळीकडे फिरतं. पण त्यांना भरपूर प्राणवायूचा मास्क लागतो, आणि पाण्यात बारीक थेंबांनी मिसळून पायस (इमल्शन) केल्याशिवाय ते रक्तात देता येत नाहीत. फ्लुओसोलला अमेरिकेत १९८९ मध्ये अँजिओप्लास्टीपुरती मान्यता मिळाली, १९९४ मध्ये ते बाजारातून गेलं. रशियात पर्फ्टोरान या अशाच द्रवाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ज्या कामासाठी लोक ‘कृत्रिम रक्त’ मागतात, तिथे यांनी आजवर बाजी मारलेली नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा ब्रिटनमधल्या चाचणीची असावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे दात्यांच्या रक्तातल्या मूळ पेशींपासून (स्टेम सेल) प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी पहिल्यांदा दुसऱ्या माणसांना दिल्या गेल्या. हे खरंच मोलाचं काम आहे, कारण या खऱ्या पेशी आहेत, आवरणासकट. वर सांगितलेला नायट्रिक ऑक्साइडचा घोळ त्यात नाही. पण दिलं किती? पाच ते दहा मिलिलिटर, एक-दोन चमचे. त्याआधी २०११ मध्ये फ्रान्समध्ये एका माणसाला त्याच्याच मूळ पेशींपासून वाढवलेल्या सुमारे एक हजार कोटी पेशी दिल्या होत्या. आकडा अवाढव्य वाटतो, भरतो दोन मिलिलिटर. एका पिशवीत साधारण दोन लाख कोटी पेशी असतात. ही दरी भरायला वेळ लागेल. भरली तरी पहिला मान दुर्मीळ गटाच्या आणि सिकलसेल-थॅलेसेमियासारख्या, जन्मभर रक्त लागणाऱ्या पेशंटांचा असेल. आणि मुळात याही पेशी दात्याच्याच. वडिलांच्या दृष्टीने ते ‘दुसऱ्याचं रक्त’च राहतं.

मला स्वतःला आशा वाटते ती तिसऱ्या वाटेबद्दल: हिमोग्लोबिन पुन्हा एका कृत्रिम आवरणात कोंडायचं. जपानमध्ये दात्यांच्या मुदत संपलेल्या रक्तातून हिमोग्लोबिन काढून ते चरबीच्या सूक्ष्म पुटिकांत भरतात. निरोगी स्वयंसेवकांना १०० मिलिलिटरपर्यंत देऊन पाहिलं आहे. अमेरिकेत एरिथ्रोमर नावाची पूड तयार होते आहे, पाणी घातलं की वापरता येईल अशी. पन्नास वर्षं पेशीचं आवरण काढण्यात घालवली, आणि आता तेच परत शिवतो आहोत. मात्र निरोगी माणसाला १०० मिलिलिटर सोसणं आणि रक्त वाहून गेलेल्या माणसाला लिटरभर सोसणं यात फार अंतर आहे. हेमॲसिस्टसुद्धा सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत गुणीच वाटलं होतं.

आता वडिलांचं. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका, पण ती योग्य जागी न्या. चांगल्या यंत्रणेत, न्यूक्लिक ॲसिड चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) झालेल्या पिशवीतून एचआयव्ही होण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी असते. आम्हाला जास्त धास्ती असते ती चुकीच्या माणसाला लावलेल्या पिशवीची, आणि वयस्क, हृदय कमजोर असलेल्या पेशंटला भराभर रक्त दिल्यामुळे फुप्फुसात पाणी साचण्याची. म्हणून रक्त लागलंच तर एक पिशवी, हळू, मग पुन्हा हिमोग्लोबिन मोजून दुसरीचा विचार, असं आधीच ठरवून घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रक्त लागूच नये याची तयारी. ऑपरेशनच्या चार-सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असेल तर गोळ्यांनी किंवा शिरेतून ते भरून काढायला तेवढा वेळ लागतो. १३ वर हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर जाणारा आणि १० वर जाणारा, यांचं रक्त सारखंच वाहिलं तरी गरज वेगळी पडते. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचं का, ते सर्जनना विचारा. स्टेंटमुळे ते त्यांनीच ठरवायचं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मी त्यापायी स्टेंट बंद झालेले पेशंट पाहिले आहेत. वाहिलेलं स्वतःचंच रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र तिथे आहे का, तेही विचारा. आणि कितीपर्यंत खाली गेलं तर रक्त देणार, हा आकडा आधी मागा. २०११ च्या एका मोठ्या चाचणीत खुबा मोडून ऑपरेशन झालेले, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले २०१६ पेशंट होते. निम्म्यांना १० च्या खाली गेलं की रक्त दिलं, निम्म्यांना ८ च्या खाली किंवा लक्षणं दिसली तर. दुसऱ्या गटाला रक्त खूपच कमी लागलं आणि निकालात फरक पडला नाही.

एवढं करूनही टेबलावर काय होईल ते मी इथून सांगू शकत नाही. म्हणून वडिलांसोबत बसा आणि एकेक विचारा: दात्याच्या लाल पेशी नकोत, की प्लाझ्माही नको? स्वतःचं रक्त यंत्रातून फिरून आलेलं चालेल का? जीव जायची वेळ आली तरी ‘नको’ कायम का? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण बराच वेळ गप्प राहतात. राहू द्या. जे उत्तर येईल ते त्यांच्या सहीनिशी कागदावर लिहा आणि भूलतज्ज्ञांच्या पहिल्या तपासणीलाच त्यांच्या हातात द्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री हा कागद आला, तर आमच्यापैकी कोणालाच फारसं काही करता येत नाही.